मॅकमधल्या विंडोजची दारं

पत्र:

"नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते. मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या अकरा व्यापाऱ्यांचे हिशेब घरूनच टॅलीत लिहिते, त्यांची जीएसटी रिटर्न्स भरते. माझा जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा पुण्याच्या भाच्यानं त्याचं एम-वन मॅकबुक मला दिलं आणि टॅलीसाठी त्यात पॅरलल्स घालून विंडोज ११ बसवून दिलं. 'मावशी, मॅकला व्हायरस लागत नाही, निर्धास्त राहा,' म्हणाला. गेल्या गुरुवारी एका व्यापाऱ्याच्या मेलवरून पेमेंट ॲडव्हाइस नावाची झिप फाइल आली. मी मॅकवरच ती उघडून आतल्या फाइलवर दोनदा क्लिक केलं, तर विंडोज आपोआप चालू झालं, एक काळी खिडकी चमकून गेली आणि पुढं काहीच झालं नाही. घाबरून झाकण मिटलं. तेव्हापासून उघडलेलं नाही. मॅक बिघडलं असेल का? अँटिव्हायरस घ्यायचा तर मॅकमध्ये घालू की विंडोजमध्ये? रिटर्नची तारीख तोंडावर आलीय."
एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर:

ताई, झाकण मिटलंत ते फार चांगलं केलंत. मॅक झोपलं की आतलं विंडोजही जागच्या जागी थांबतं, आणि त्या काळ्या खिडकीनं जे काही सुरू केलं असेल तेही बहुधा तिथंच थांबलंय. आता हे उत्तर शेवटपर्यंत वाचून होईतो ते तसंच राहू द्या.

भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम मॅकवर थेट चालत नाही. पण तो तुमच्या मॅकवर चालला कुठं? तो विंडोजमध्ये चालला. पॅरलल्स हा मॅकच्या आत विंडोज चालवणारा प्रोग्राम, त्याच्या आत असलं तरी ते पूर्ण विंडोज आहे, विंडोजचे सगळे रोग त्याला होतात. उरलेलं अर्धं, म्हणजे मॅकला काहीच होत नाही हे, मुळातच चूक आहे. तसं असतं तर ॲपलनं प्रत्येक मॅकमध्ये एक्सप्रोटेक्ट नावाची तपासणी स्वतःहून घातलीच नसती.

आधी आजचं काम. झाकण उघडण्यापूर्वी घरातला वायफाय राउटर बंद करा, कारण मॅक जागं झालं की विंडोज जागं होईल आणि इंटरनेट मिळालं तर तो प्रोग्राम आपलं उरलेलं काम सुरू करेल. मग झाकण उघडा, वरच्या मेनूत डिव्हाइसेस, त्यात नेटवर्क, आणि तिथं डिस्कनेक्ट करा. आता विंडोजला बाहेरचा रस्ता नाही. राउटर पुन्हा चालू केलात तरी चालेल.

दुसरं काम फोनवरून करायचं, त्या विंडोजमधून अजिबात नाही. मेल, बँक, जीएसटी पोर्टल, इन्कम टॅक्स, या सगळ्यांचे पासवर्ड बदला. मेलच्या सेटिंगमध्ये सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट करण्याची सोय असते, तीही वापरा. हल्ली अशा फाइलींतून येणारे बरेच प्रोग्राम काही मोडत नाहीत, पडद्यावर काही दाखवतही नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन उचलून घेतात आणि गप्प बसतात. "पुढं काहीच झालं नाही" असं तुम्ही लिहिलंत, मला त्याचीच जास्त काळजी वाटते. बँकेच्या खात्यातून तुम्ही न केलेला व्यवहार झालेला दिसला तर बँकेला कळवा आणि त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त असते.

मग मॅकच्या डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स या फोल्डरांतल्या पाच-सहा फाइली उघडून बघा. नीट उघडत असतील आणि नावांपुढं भलतीच अक्षरं चिकटली नसतील, तर निदान तुमच्या फाइलींना खंडणीखोर प्रोग्रामचं कुलूप लागलेलं नाही. विंडोजमध्ये विंडोज सिक्युरिटी उघडून प्रोटेक्शन हिस्टरी वाचा. विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसनं गुरुवारी काही पकडलं असेल तर तिथं तारखेसह नोंद असेल. नोंद नसेल म्हणून खूश मात्र होऊ नका.

माझं स्पष्ट मत असं, की काळी खिडकी डोळ्यांनी पाहिली आहे तर हे विंडोज आता वापरायचं नाही. साध्या कॉम्प्युटरवर हे सांगताना मला जड गेलं असतं. व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे मॅकच्या आत चालणाऱ्या अशा कॉम्प्युटरचा, मोठा फायदा हाच, की आतलं विंडोज टाकून नवं बसवायला संध्याकाळ पुरते आणि मॅकला धक्काही लागत नाही. आधी टॅलीत ऑल्ट आणि वाय दाबून डेटा, मग बॅकअप असं करून सगळ्या कंपन्यांचा बॅकअप कोऱ्या पेन ड्राइव्हवर घ्या. सोबत एक्सेल आणि पीडीएफ घ्या. ज्या फाइलीच्या शेवटी ईएक्सई आहे, म्हणजे जी फाइल नसून प्रोग्राम आहे, तिला हात लावू नका. ती पेन ड्राइव्ह दुसऱ्या कुणाच्या विंडोज कॉम्प्युटरला लावायची नाही. मग जुनं मशीन बंद करून बाजूला ठेवा, सगळा हिशेब नव्यात नीट उघडला की मगच ते डिलीट करा. नवं विंडोज पॅरलल्स स्वतःच उतरवून घेतं. टॅलीचं लायसन्स नव्या मशीनवर घेण्यासाठी तुमच्या टॅलीवाल्याला एक फोन करावा लागेल, तो आधीच करून ठेवा.

हे झालं घडलेल्याचं. पुन्हा घडू नये म्हणून जे करायचं ते नवं मशीन बसवतानाच करा.

व्हर्च्युअल मशीनची भिंत मुळात भक्कम असते. मॅक आणि विंडोज एकाच यंत्रावर चालतात, पण एकाला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. अडचण अशी, की या भिंतीत पॅरलल्स आपल्या सोयीसाठी दारं ठेवून देतं, आणि पहिल्या दिवसापासून ती उघडीच असतात. तुमच्याकडं गुरुवारी भिंत पडलेली नाही. दारातून ये-जा झाली.

ही दारं डोळ्यांनी बघायची असतील तर नव्या विंडोजच्या डेस्कटॉपवर चाचणी नावाची कोरी नोटपॅड फाइल ठेवा आणि मॅकच्या डेस्कटॉपवर या. तिथंही चाचणी दिसली तर ओळखा, की ते दोन डेस्कटॉप नाहीतच, एकच आहे. याला शेअर्ड प्रोफाइल म्हणतात. विंडोजमधलं डॉक्युमेंट्स हे खरं तर मॅकमधलं डॉक्युमेंट्स असतं. म्हणजे उद्या खंडणी मागणारा प्रोग्राम विंडोजमध्ये शिरला आणि त्यानं डॉक्युमेंट्सला कुलूप घातलं, तर मुलांचे दाखले, घराची कागदपत्रं, फोटो, जे तुम्ही मॅकवर सुरक्षित आहे म्हणून ठेवलंय तेही त्यात जाईल. त्याला मॅकमध्ये शिरावंही लागणार नाही.

म्हणून विंडोज शटडाउन करा, पॅरलल्सच्या कंट्रोल सेंटरमध्ये मशीनच्या नावाशेजारी गिअरचं चिन्ह आहे ते दाबा, ऑप्शन्समध्ये शेअरिंगला जा. शेअर्ड प्रोफाइल बंद करा. मॅकचे फोल्डर शेअर करण्याच्या जागी 'नन', म्हणजे एकही नाही, हे निवडा. तुम्हाला रिटर्नच्या पीडीएफ आणि बँक स्टेटमेंटची ने-आण करावीच लागते, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी मॅकवर देवघेव नावाचा एकच फोल्डर करा आणि कस्टम फोल्डर्समध्ये तेवढाच जोडा. काम झालं की तो रिकामा करायचा. हिशेबाचा चालू डेटा त्यात कधीच ठेवायचा नाही. तो विंडोजच्या पोटातच बरा.

गुरुवारी उघडं होतं ते दार ॲप्लिकेशन्सचं. विंडोजचे प्रोग्राम मॅकला उपलब्ध करून देणारी एक खूण तिथं असते. ती असल्यामुळंच मॅकवर केलेल्या क्लिकनं विंडोज जागं झालं आणि फाइल चालली. ती खूण काढली असती, तर मॅकनं ही फाइल उघडता येत नाही एवढं सांगून विषय संपवला असता. ती आजच काढा. कॉपी-पेस्टचं दारही विसरू नका. मॅकवर कॉपी केलेला पासवर्ड विंडोजमधल्या कुठल्याही प्रोग्रामला वाचता येतो. मी स्वतः हे दार बंद ठेवतो. तुम्हाला आकडे इकडून तिकडं न्यावे लागत असतील तर राहू द्या, पण बँकेचा पासवर्ड कॉपी करण्याची सवय सोडा.

ज्यांना ने-आण अजिबात लागत नाही त्यांनी याच ऑप्शन्समधल्या सिक्युरिटीत जाऊन विंडोजला मॅकपासून वेगळं करणारी, आयसोलेट नावाची खूण करावी. सगळी दारं एकदम बंद होतात. पॅरलल्सऐवजी व्हीएमवेअर फ्युजन किंवा यूटीएम वापरणाऱ्या वाचकांनीही आपापल्या सेटिंगमध्ये शेअरिंग आणि कॉपी-पेस्ट हीच ठिकाणं शोधावीत.

अँटिव्हायरस कुठं घालू, हा तुमचा प्रश्न. विंडोजमध्ये आधीच आहे, डिफेंडर, फुकट. तुमच्या कामाला तो पुरे. विकत घेऊन दुसरा घालायची गरज नाही. मॅकमध्ये घातलेल्या अँटिव्हायरसवर मात्र विसंबू नका. त्याला तुमचं अख्खं विंडोज म्हणजे एक भली मोठी बंद फाइल दिसते, आत काय चाललंय ते तो बघत नाही. सोबत विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, फाइल नेम एक्स्टेन्शन्स ही खूण करून टाका. मग पीडीएफचं चित्र लावून आलेल्या फाइलीचं खरं आडनाव ईएक्सई आहे हे उघडण्याआधी दिसेल.

आता अपडेट. तुम्ही विंडोज महिन्यातून ठरावीक दिवशीच उघडत असणार, रिटर्नच्या आगंमागं. बाकीचे दिवस ते झोपलेलं. या सवयीनं घात होतो. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडं त्या मंगळवारी रात्री उशिरा, म्हणजे व्यवहारात बुधवारी मिळतात. दुसरा मंगळवार आठ ते चौदा तारखेच्या मध्ये येतो आणि जीएसटीआर-वनची तारीख अकरा. म्हणजे ऐन गडबडीत अपडेट समोर येतं आणि आपण नंतर म्हणून टाळतो, मग काम संपतं आणि झाकण मिटतं. पुढच्या महिन्यात तेच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामनं दीडशेच्या आसपास देशांत लाखो कॉम्प्युटर बंद पाडले. तो ज्या दोषातून शिरत होता त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. दोन महिने ती न घेतलेल्यांचं नुकसान झालं.

हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, तुम्हाला सांगायला नकोत. यार्डातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. तोंड मोकळं करून काही तास वारं लागू देतात, आत हवा आहे याची खात्री करतात, मग माणूस उतरतो. महिनाभर मिटलेलं विंडोजही असंच उघडा. पाच-सहा तारखेला, कामाचं दडपण नसताना, एक संध्याकाळ फक्त त्यासाठी ठेवा. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट चालू करा, रीस्टार्ट मागेल तितके वेळा होऊ द्या, डिफेंडरच्या नोंदी ताज्या झाल्या का बघा. बुधवारचं ताजं अपडेट आलं की तेही रिटर्न भरून झालेल्या रात्री घेऊन टाका. आणि काम संपल्यावर झाकण मिटून सोडू नका, विंडोज रीतसर शटडाउन करा.

मॅकओएस आणि पॅरलल्स यांची अपडेटंही यातच आली. भिंत भक्कम असते असं मी म्हटलं, पण भिंतीलाही कधी चीर जाते. मार्च २०२४ मध्ये व्हीएमवेअरनं आपल्या फ्युजनसह इतर उत्पादनांतल्या यूएसबी कंट्रोलरमधला असाच एक गंभीर दोष जाहीर केला आणि दुरुस्ती दिली. असे दोष क्वचित सापडतात. पण सापडल्यावर त्यांची जाहिरात होते, म्हणून दुरुस्ती लगेच घ्यायची. जाता जाता, ज्यांच्याकडं अजून विंडोज १० आहे त्यांनी लक्षात घ्यावं, की त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

नव्या विंडोजमध्ये दोन खाती करा. एक ॲडमिनिस्ट्रेटरचं, त्याला वेगळा पासवर्ड, आणि एक साधं, रोजच्या टॅलीसाठी. पॅरलल्सनं बसवलेल्या विंडोजमध्ये बहुधा एकच खातं असतं, तेही ॲडमिनिस्ट्रेटर, आणि पासवर्ड न विचारता थेट आत नेणारं. साध्या खात्यावर काम करत असताना एखादी फाइल काही बसवायला लागली की विंडोज बहुधा ॲडमिनचा पासवर्ड मागेल. तुम्ही काही बसवत नसताना तो मागितला, की थांबायचं. गुरुवारी एवढा एक अडसर असता तरी कदाचित विचार करायला क्षण मिळाला असता.

भाच्याला एक प्रश्न न संकोचता विचारा. विंडोज विकतचं आहे की कुठल्या ॲक्टिव्हेटरनं चालू केलंय? रागवायचं कारण नाही, आपल्याकडं हे सर्रास चालतं. पण असे ॲक्टिव्हेटर चालवताना आधी डिफेंडर बंद करायला लावतात, आणि नंतर तो पुन्हा चालू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. अकरा व्यापाऱ्यांची वर्षाची उलाढाल ज्या मशीनमध्ये आहे तिथं क्रॅक केलेलं विंडोज नको आणि क्रॅक केलेली टॅली तर मुळीच नको. असंच एनीडेस्कचं, म्हणजे दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवू देणाऱ्या प्रोग्रामचं. टॅलीची अडचण सोडवायला कुणीतरी ते घालतं, येता-जाता बरं पडावं म्हणून कायमचा पासवर्ड लावून ठेवतं, आणि तो पासवर्ड त्याच्या डायरीत राहतो. अनअटेंडेड ॲक्सेस चालू असेल तर बंद करा. काम झालं की एनीडेस्क काढूनच टाका, पुन्हा लागलं तर दोन मिनिटांत बसतं.

बॅकअपबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्याची किंमत मी डोळ्यांनी पाहिली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचं गावातलं तळमजल्याचं दुकान पूर्ण बुडालं. माणूस शिस्तीचा होता, रोज संध्याकाळी बॅकअप घ्यायचा. ज्या डिस्कवर घ्यायचा ती कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात असायची. पाणी ओसरल्यावर दोन्ही एकाच चिखलातून काढली. पुढं कित्येक आठवडे आम्ही ओली बिलं दोरीवर वाळत घालत होतो, टाचणीच्या गंजाखालचे आकडे भिंगातून वाचत होतो आणि पुन्हा टॅलीत चढवत होतो. काही पानं सुटी झालीच नाहीत.

तेव्हा टॅलीचा बॅकअप दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर घ्या, डिस्क लगेच काढून ठेवा, कारण लावलेली डिस्क खंडणीच्या प्रोग्रामलाही दिसते. अशा दोन डिस्क करा आणि एक मिरजेला किंवा जिथं तुमचं माणूस असेल तिथं ठेवा, महिन्याला अदलाबदल करा. अख्ख्या मशीनची प्रतही अधूनमधून घ्यावी, पण विंडोज बंद असताना. पॅरलल्समध्ये मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणारी स्नॅपशॉट नावाची सोय आहे, तिला बॅकअप समजू नका. स्नॅपशॉट त्याच मशीनच्या पोटात असतो, मॅक गेलं की तोही गेला. शिवाय मागच्या स्नॅपशॉटवर परत गेलात तर त्यानंतर केलेल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. मोठं अपडेट घेण्याआधी एक स्नॅपशॉट ठेवावा, सगळं नीट चाललं की काढून टाकावा.

तुमचं सगळं विंडोज मॅकमधल्या पॅरलल्स नावाच्या फोल्डरात एका वस्तूसारखं पडलेलं असतं, हेही ध्यानात ठेवा. ती वस्तू कुणी बाहेरच्या डिस्कवर ओढून नेली तर दुसऱ्या मॅकवर तुमच्या अकराही व्यापाऱ्यांच्या वह्या उघडतील. म्हणून मॅकच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन फाइलव्हॉल्ट, म्हणजे पासवर्डाशिवाय डिस्क वाचू न देणारी सोय, चालू आहे ना बघा. त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा. टॅलीतही प्रत्येक कंपनीला टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावा. मग यादीत कंपनीचं नावसुद्धा चांदण्यांनी झाकलेलं दिसतं. हा पासवर्ड विसरलात तर कंपनीवालेही उघडून देऊ शकत नाहीत, तेव्हा तोही त्याच कागदावर.

नेटवर्कचं सेटिंग शेअर्ड नेटवर्क असंच राहू द्या. ब्रिज्ड केलं की तुमचं विंडोज घरच्या वायफायवर वेगळं मशीन म्हणून उभं राहतं, त्याची तुम्हाला गरज नाही. डिजिटल सहीचे टोकन वापरत असाल तर एम-वन मॅकमधलं विंडोज एआरएम जातीचं, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या चिपसाठीचं, असतं, जुने ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत. टोकन देणाऱ्याकडं एआरएमचा ड्रायव्हर मागा, नाही मिळाला म्हणून कुठून तरी उतरवू नका. टोकन लावल्यावर मॅकला जोडू की विंडोजला असं पॅरलल्स विचारतं. सही झाली की काढून घ्या. आणि व्यापाऱ्यांची टोकनं तुमच्याकडं असतील, त्यांच्यावर पिनची चिठ्ठी चिकटवलेली असेल, तर ती चिठ्ठी आजच सोडवा.

एक फोन मात्र हे सगळं सुरू करण्याआधी करा. ज्या व्यापाऱ्याच्या मेलवरून फाइल आली त्यांना. मेलनं कळवू नका, फोनच करा. ती फाइल त्यांनी पाठवलेली नसणार. त्यांचा मेल बहुधा दुसऱ्याच्या हातात आहे, आणि तुम्हाला आली तशी ती यार्डातल्या आणखी किती जणांना गेली असेल हे त्यांनी त्यांच्या सेंट फोल्डरात बघून आजच सगळ्यांना कळवायला हवं.